घरच्या घरीं : सायकलची कॅसेट

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नातवाच्या गिअरच्या सायकलीचा, मागील चाकांतला, चेनच्या बाजूचा एक स्पोक तुटला. नवा घालावयाचा तर वाटेंत दंतचक्रांची चळत येते. तिलाच कॅसेट म्हणतात. साध्या सायकलीचीं फ्रीव्हीलें आम्हीं तरुणपणीं ठोकून ठोकून उतरविलीं होतीं. म्हणून "आजोबा, दुकानांत नेऊं या" असें नातू म्हणाला तेव्हां त्यास गप्प बसविलें आणि छिन्नी-हातोडा घेतला. पांचव्या ठोक्याला छिन्नी घसरून आमच्या डाव्या तळहातांत शिरली. तीन टांके पडले. तेव्हां या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस रीतसर प्राप्त झाला आहे.

चूक अशी झाली. फ्रीव्हील हबावर आट्यांनीं चढलेलें असतें. कॅसेटचीं चक्रें हबाच्या खांचांवर नुसतीं सरकविलेलीं असतात व बाहेरून एक लॉकरिंग त्यांस दाबून धरते. ही रिंग घड्याळाच्या उलट दिशेनें सुटते. पण त्याच दिशेला कॅसेटही मोकळी फिरते! म्हणून चक्र धरणें व रिंग फिरविणें हीं दोन कामें एकदम करावीं लागतात.

पैकीं धरण्याचें हत्यार घरीं होतें. फूटभर लोखंडी पट्टीच्या टोंकाशीं चेनचा चार-पांच कड्यांचा तुकडा दोन्ही बाजूंनीं पक्का करावा व तेथेंच हातभर चेन एका टोंकानें अडकवावी. चेन गिअरच्या सायकलीचीच जुनी घ्यावी. साध्या सायकलीची रुंद असल्यामुळें चक्रांच्या मधल्या फटींत बसत नाहीं. पट्टी दाबतांच चक्र पायडलच्या दिशेनें ओढलें जाईल अशी ती गुंडाळावी. फडक्यांत हात गुंडाळून चक्र धरण्याचा मोह मात्र आवरावा. दांते फडकें मानीत नाहींत.

रिंग फिरविण्याच्या हत्याराला घरगुती पर्याय नाहीं. शिमानो पद्धतीच्या रिंगेंत आंतून १२ खांचा असतात. त्यांत बरोबर बसणारें सॉकेट विकतच आणावें. आमच्या छिन्नीनें त्यांतील दोन खांचांच्या कडा नेल्या आणि नवी रिंग घ्यावी लागली ती निराळीच.

क्विक-रिलीज असल्यास तिची सळई काढून सॉकेट बसवावें, चक्र समोर ठेवून पट्टी उजव्या व पाना डाव्या हातीं घ्यावा आणि दोन्ही खालीं दाबावे. कड्‌कन् आवाज होईल. घाबरूं नये, रिंगेखालीं बारीक दांते असतात त्यांचा तो आवाज. चक्रें व मधल्या चकत्या निघतील त्या क्रमानेंच सुतळींत ओंवून ठेवाव्या.

परत बसवितांना पट्टी लागत नाहीं, कारण घट्ट करण्याच्या दिशेला कॅसेट फिरत नसते. शिमानो रिंगेला ४० न्यूटन-मीटर ताण सांगितलेला आहे; म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोंकाशीं सुमारें १३ किलोंचा भार. आम्हीं तो धान्याच्या ताणकाट्यानें पाहिला.

नातू आतां त्याच सायकलीवर महाविद्यालयांत जातो. छिन्नी मात्र सूनबाईंनीं कपाटांत ठेवली असून किल्ली आम्हांस अद्याप मिळालेली नाहीं.