दोष यंत्राचा की जमिनीचा?

झटका-कुंपणास गुरे जुमानेनाशी झाली की दोष यंत्राच्या माथी मारला जातो. हा बहुधा अन्याय होय. कुंपणाची तार सोडवून केवळ यंत्राचा दाब मोजावा. तो पुरेसा भरल्यास बिघाड बाहेर आहे. तारेस टेकलेले गवत, तडकलेले इन्सुलेटर पाहावेत. उन्हाळ्यात तर अर्थिंगच्या गजाभोवतीची माती सुकते व जनावराच्या पायांतून झटक्यास परतीची वाट उरत नाही. तेथे पाणी ओतावे. परंतु दोष सापडेना म्हणून २३० व्होल्टची घरगुती वीज थेट तारेत सोडणे अक्षम्य होय. यंत्राचा झटका क्षणार्धाहूनही अल्प असतो. ही वीज अखंड वाहते आणि रानडुकरासह राखणदाराचाही प्राण घेते. अशी जोडणी आढळताच ग्रामसेवकाने तारेस हात न लावता वीज वितरण कंपनीस तत्काळ कळवावे.