अंगणातील वृक्ष आणि आपले दायित्व

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले आणि शेकडो झाडे उन्मळून पडली. पावसाळा तोंडावर आला की आता घराशेजारच्या उंच वृक्षाकडे भयाने पाहिले जाते. ही भीती निराधार नाही; माणसाचा जीव मोलाचाच आहे.

परंतु वृक्ष धोकादायक होतो कसा? बुंध्याशी सिमेंट ओतून मुळांचे हवा-पाणी तोडले जाते, गटार खोदताना आधारमुळे छाटली जातात, एकाच बाजूच्या फांद्या उतरवून तोल बिघडवला जातो. दोष बहुधा आपलाच असतो.

म्हणून कुऱ्हाड हा पहिला उपाय नव्हे. बुंध्याभोवतीची माती मोकळी ठेवावी, पोकळी व झुकाव तपासावा, पावसापूर्वी जाणकाराकडून समतोल छाटणी करून घ्यावी. महाराष्ट्राच्या 1975 च्या कायद्यानुसार शहरांत वृक्षतोडीस अनुमती लागते, ती घ्यावीच. वृक्ष वाचणे अशक्य असेल, तर तो रीतसर उतरवून योग्य अंतरावर दुसरा लावावा.

वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या समाजाला वर्षातून एकदा आपल्या अंगणातील वृक्षाचे बूड तपासणे जड जाऊ नये.