करासाठी सापडणारा, लाभांशासाठी हरवणारा भागधारक

लाभांशावर, म्हणजे कंपनीने नफ्यातून भागधारकांना वाटलेल्या रकमेवर, निवृत्तीनंतरचा घरखर्च चालावा या हेतूने समभागांचा संच बांधणाऱ्यांसाठी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी कोणती कंपनी निवडावी याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. हैदराबादच्या नारायणगुडा, काचिगुडा आणि हिमायतनगर भागांतील वाचकांकडून अलीकडे येणाऱ्या तक्रारी मात्र निवडीविषयी नाहीत. समभाग वडिलांच्या काळापासून घरात आहेत, कंपनीने लाभांश वर्षानुवर्षे नियमाने जाहीर केला आहे, तरीही तो खात्यात पोहोचलेला नाही. आणि आता तर मूळ समभागच गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे बेवारस ठरलेल्या लाभांशासाठी व समभागांसाठी केंद्र सरकारने उभारलेल्या निधीकडे, वर्ग झाल्याचे या कुटुंबांना कळत आहे.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 124 नुसार जाहीर झालेला लाभांश 30 दिवसांत दिला गेला नाही, तर पुढील 7 दिवसांत तो ‘न दिलेल्या लाभांशाच्या खात्या’त ठेवावा लागतो, तेथे 7 वर्षे पडून राहिल्यास निधीकडे जातो, आणि सलग 7 वर्षे लाभांश न उचललेले समभागही त्याच वाटेने जातात. या काळातील एका वर्षाचा लाभांश जरी उचलला गेला असला, तरी समभागांचे हस्तांतरण होत नाही. सल्लागारांपैकी फार थोडे ही तरतूद ग्राहकाला सांगतात.

या तक्रारी नेमक्या आताच का वाढल्या, याचे उत्तर बँकांच्या विलीनीकरणाच्या तारखांमध्ये आहे. केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये सुरू झालेल्या नारायणगुड्यातील केशव मेमोरियल शिक्षण संस्थेच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांची खाती, तशीच नांदेड-परभणीकडील त्यांच्या नातलगांची खाती, मोठ्या प्रमाणावर स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती. ही बँक 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि तिच्या शाखांचे जुने आयएफएससी संकेतांक कालांतराने बाद झाले. डीमॅट खात्यात किंवा कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे भागधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे, ज्यांनी नवा संकेतांक कळवला नाही त्यांचा लाभांश परत जाऊ लागला. 2018 च्या वार्षिक सभेत जाहीर झालेला लाभांश जर अशा रीतीने परत गेला असेल, तर त्याची 7 वर्षे 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरली. आंध्र बँक 1 एप्रिल 2020 रोजी युनियन बँकेत विलीन झाली, तिचे जुने संकेतांक 1 एप्रिल 2021 पासून बंद झाले, म्हणून तिच्या खातेदारांची पहिली मुदत 2028 मध्ये भरेल.

ज्या व्यवस्थेला हा भागधारक सापडत नाही, त्याच व्यवस्थेला तो कर वसुलीसाठी मात्र अचूक सापडतो, आणि या विसंगतीबद्दल संबंधित खात्यांना जाब विचारणे आवश्यक आहे. 1 एप्रिल 2020 पासून लाभांश वितरण कर रद्द होऊन लाभांश भागधारकाच्या हातात करपात्र झाला. एका कंपनीकडून वर्षाला 5,000 रुपयांहून अधिक लाभांश असल्यास 10 टक्के करकपात ठरली आणि 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 10,000 रुपये झाली. अंतिम लाभांश तो जाहीर झाल्याच्या वर्षाचे उत्पन्न मानला जातो, मग तो खात्यात पडो वा न पडो. कंपनी त्याची माहिती पॅनसह प्राप्तिकर खात्याला कळवते आणि ती भागधारकाच्या वार्षिक माहिती विवरणात उमटते. म्हणजे न मिळालेल्या रकमेवर तो कर भरतो, कराचा परतावा त्याच खात्याकडून त्याच्या पडताळलेल्या बँक खात्यात येतो, आणि त्याच वेळी कंपनीच्या दप्तरात तो ‘संपर्क होऊ न शकलेला’ म्हणून नोंदला जातो. पॅनशी जोडलेले पडताळणी झालेले खाते सरकारजवळ असताना, समभाग काढून घेण्यापूर्वी एकदा त्या खात्यात लाभांश जमा करून पाहण्याची सक्ती नियमांत का नाही, याचे उत्तर कंपनी व्यवहार मंत्रालयाने द्यायला हवे.

हस्तांतरणापूर्वी 3 महिने सूचना देण्याचे बंधन नियमांत आहे, पण ती सूचना जेथून पूर्वीची पत्रे परत आली त्याच शेवटच्या ज्ञात पत्त्यावर जाते. वृत्तपत्रातील जाहिरात इंग्रजीत आणि प्रादेशिक भाषेत द्यायची असते, आणि प्रादेशिक भाषा म्हणजे व्यवहारात नोंदणीकृत कार्यालयाच्या गावची भाषा. त्यामुळे कोलकात्याच्या कंपनीची सूचना नारायणगुड्यातील वृद्ध मराठी भागधारकासाठी बंगालीत छापली जाते. पुढे दावा करायचा तर आयईपीएफ-5 हा अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत, क्षतिपूर्ती बंधपत्र आणि मूळ कागद कंपनीच्या समन्वय अधिकाऱ्याकडे पाठवायचे, कंपनीने 30 दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा आणि निधीचा कारभार पाहणाऱ्या प्राधिकरणाने त्यानंतर 60 दिवसांत निर्णय घ्यायचा, असा क्रम आहे. त्यावर एका कंपनीबाबत एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो. दावा दाखल झाल्यावर जुन्या ट्रंकेत त्याच कंपनीचे आणखी एक प्रमाणपत्र सापडले, तर त्या कुटुंबाने पुढील आर्थिक वर्षाची वाट पाहायची. या नियमाने कोणाचे संरक्षण होते, हे समजत नाही. तो रद्द झाला पाहिजे.

हैदराबादच्या मराठी कुटुंबांची अडचण नावांमुळे अधिकच बिकट होते. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव हा मराठी क्रम प्रमाणपत्रावर असतो, तर स्थानिक तेलुगू रीतीप्रमाणे आडनावाचे आद्याक्षर पुढे घेतलेले नाव शाळेच्या दाखल्यातून पॅनवर उतरलेले असते, आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव ही तिसरी नोंद ठरते. 1943 मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद शेअर बाजाराची मान्यता 2007 मध्ये गेल्यामुळे, ज्या स्थानिक दलालांमार्फत ही खरेदी झाली त्यांच्या नोंदीही आता सहज हाती लागत नाहीत. वारसांच्या नावावर समभाग करताना कागदी समभागांसाठी प्रत्येक कंपनीमागे 5 लाख रुपयांपर्यंत आणि डीमॅटसाठी प्रत्येक धारकामागे 15 लाखांपर्यंत सोपी कागदपत्रे चालतात, ही सेबीची 2022 ची सवलत ठाऊक नसल्याने अनेक जण विनाकारण दिवाणी न्यायालयाची पायरी चढतात.

जून 2025 मध्ये पुण्यात आणि ऑगस्टमध्ये हैदराबादेत प्राधिकरणाने व सेबीने ‘निवेशक शिबिर’ भरवले, हे स्वागतार्ह असले तरी एका दिवसाच्या शिबिराने सदोष नियम दुरुस्त होत नाहीत.

सल्लागारांनाही येथे दोष द्यावाच लागेल. लाभांश-उताऱ्याचे, म्हणजे बाजारभावाशी असलेल्या लाभांशाच्या टक्केवारीचे, तक्ते ग्राहकापुढे मांडणे सोपे असते. 400 रुपयांच्या समभागावर 20 रुपये लाभांश म्हणजे 5 टक्के, आणि भाव 250 वर घसरला की तोच उतारा 8 टक्के दिसतो, एवढेही न सांगता तो आकडा आकर्षण म्हणून वापरला जातो. हैदराबादच्या मासाब टँक येथे मुख्यालय असलेली, लोहखनिज काढणारी एनएमडीसी या शहरातील अनेक संचांत असते, कारण केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी निव्वळ नफ्याच्या 30 टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या 4 टक्के, यांपैकी जास्त असेल तो किमान लाभांश द्यावा असा सरकारचा नोव्हेंबर 2024 चा दंडक आहे. पण लोहखनिजाचा भाव पडला की नफा आणि त्याबरोबर लाभांशही आटू शकतो, हे ग्राहकाला आधीच सांगितले पाहिजे. त्याहून मोठी हयगय अशी की, घेऊन दिलेल्या समभागांचा लाभांश प्रत्यक्ष जमा झाला का, हे तपासणे आपले काम आहे असे फार थोड्या सल्लागारांना वाटते.

तेव्हा प्रत्येक सल्लागाराने, वितरकाने आणि करसल्लागाराने विवरणपत्र भरण्याच्या हंगामात प्रत्येक ग्राहकाच्या वार्षिक माहिती विवरणातील लाभांशाच्या नोंदी बँकेच्या पासबुकाशी ओळीने ओळ ताडून पाहाव्यात, जी रक्कम विवरणात आहे पण पासबुकात नाही तिच्यासाठी त्याच आठवड्यात निबंधकाला लेखी मागणी करावी, आणि डीमॅट खात्यातील संकेतांक, नामनिर्देशन व पत्ता तेव्हाच दुरुस्त करून घ्यावा. कागदी समभागांवरील लाभांश 1 एप्रिल 2024 पासून केवायसी पूर्ण असल्याशिवाय दिलाच जात नाही, म्हणून असे समभाग असलेल्या ग्राहकांपासून सुरुवात करावी, आणि लगोलग ज्यांची खाती पूर्वी आंध्र बँकेत होती त्यांची यादी काढावी, कारण त्यांचे समभाग वाचवण्यासाठी 2028 पूर्वी एका वर्षाचा लाभांश खात्यात येणे पुरेसे आहे.