परवानगी कशाला हवी, भो?

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. खान्देशी शेवभाजी समजून गोड मानून घ्या.

जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या निमित्ताने मला मेल टाकत असतात. रडगाणं ठरलेलं... "दादा, लॅबच्या पीसीवर मोड्यूल इन्स्टॉल होत नाही, ॲडमिन राइट्स नाहीत. सर म्हणतात, आहे त्यात भागवा." मग काय, विषयच बदलतो! आणखी एक लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम जन्माला येते.

लॅबला कुलूप आहे याबद्दल माझी तक्रार नाही. बॅचभर पोरांना ॲडमिन पासवर्ड वाटणं हा शुद्ध वेडेपणा आहे. माझा राग वेगळाच आहे. मोड्यूल टाकायला ॲडमिन लागतच नाही, हे त्यांना कुणी सांगत का नाही? स्वतःच्या शेतात भरीत पार्टी करायला तहसीलदाराची सही लागते का?

मोड्यूल म्हणजे शेवटी फायलीच. पायथन त्या फोल्डरांच्या एका यादीत क्रमाने शोधतो, पर्लही तसंच करतो. यादीत आपलं फोल्डर घालायची सोय भाषा बनवणाऱ्यांनीच ठेवली आहे. पिपला 'टार्गेट' पर्यायात आपल्या फोल्डरचा पत्ता द्या, तोच पत्ता 'पायथनपाथ' व्हेरिएबलमध्ये लिहा, संपलं. पर्लवाल्यांसाठी 'पर्ल-फाइव्ह-लिब' आहे. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं घर हवं असेल, तर 'वेन्व्ह' २०१२ मध्ये पायथन ३.३ सोबत आलं. लॅबला नेट नाही? घरून पिपनेच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणा. फक्त पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम लॅबसारखीच असू द्या.

आता कुणीतरी म्हणणारच, "पण सिक्युरिटीचं काय?" मान्य. प्रसिद्ध नावाशी मिळतंजुळतं नाव घेतलेली चोरटी पॅकेजेस पिपच्या भांडारात सापडली आहेत. म्हणून नाव दोनदा तपासा, हे पोरांना शिकवा. पण आपल्या फोल्डरातलं मोड्यूल आपल्याच अधिकारात चालतं, शेजाऱ्याच्या फायलींना हात लावू शकत नाही. खरा घोळ सिस्टिमच्या पायथनमध्ये मोड्यूल कोंबल्याने होतो. २०२३ च्या डेबियन १२ पासून तर तिथे साधं पिप चालवलं की तेच अडवतं आणि वेगळं एन्व्हायर्नमेंट करायला सांगतं!

असो. मुद्दा एका मोड्यूलचा नाहीच. ही पोरं उद्या पुण्यात नोकरीला येतील, तेव्हा त्यांना सर्व्हरचा रूट पासवर्ड कुणी ओवाळून देणार नाही. तिथे स्वतःच्या फोल्डरात काम उभं करणारा पुढे जातो, आणि "सर, राइट्स नाहीत" म्हणणारा वाट बघत बसतो. ही वाट बघायची सवय आपण त्यांना चार वर्षं फी घेऊन लावतोय.

सर लोकहो, वरच्या चार ओळी लॅबच्या भिंतीवर चिकटवा. खर्च फक्त एका झेरॉक्सचा. आणि पोरांनो, सरांनी नाही चिकटवल्या तर तुम्ही चिकटवा. त्यालाही ॲडमिन राइट्स लागत नाहीत :)