गाडींतील डग्गा कोठें हरवतो?

गेल्या महिन्यांत वडील बंधूंबरोबर पुण्याहून कोल्हापुरास जाण्याचा योग आला. गाडी पुतण्याची. तीत त्यानें पदरचे बरेच पैसे घालून चारी दारांत नवे स्पीकर व डिकींत सबवूफर बसवून घेतला होता. बंधू गाण्याचे जुने रसिक. सातारा येण्यापूर्वींच त्यांनीं हात पुढें करून ख्याल बंद केला व म्हणाले, "गवई पुढें बसला आहे आणि डग्गा डिकींत कोंडला आहे!" पुतण्या कांहीं बोलला नाहीं. ह्या प्रवासाखेरीज बापलेकांस चार तास एकत्र बसण्याची सवड मिळत नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें; म्हणून पुढची ती शांतता आम्हांस बोंचली.

बंधूंचें बोलणें अक्षरशः खरें होतें. काळी एक ह्या पट्टींतील मध्य षड्जाचीं कंपनें सेकंदास सुमारें १३९ असतात. मंद्र षड्जाचीं, म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाचीं, सुमारें ६९. गाडींत बहुधा ८० कंपनांखालील ध्वनि सबवूफरकडे व त्यावरील दारांतील स्पीकरांकडे सोंपवितात. म्हणजे मंद्रांत उतरणारा गवई नेमका ह्या शिवेवरून ये-जा करतो. दारांतील स्पीकर ८० ते २५० ह्या टापूंत दुबळे पडले, कीं शीव सांभाळणारा कोणी उरत नाहीं. मग सबवूफर कितीही चढवा, मागून नुसती धडधड ऐकूं येते.

"मोठा अँप्लिफायर घेऊं का, काका?" पुतण्यानें घरीं आल्यावर विचारलें. आम्हीं त्यास थांबविलें. शक्ति दुप्पट केली तरी ध्वनि ३ डेसिबलच वाढतो. आणि येथें दुखणें शक्तीचें नव्हतेंच. स्पीकरचा पडदा पुढें सरतो तेव्हां पुढील हवा दाबली जाते व मागील विरळ होते. दाराच्या आंतील पत्र्यास मोठाल्या खिडक्या असतात. त्यांतून मागचा ध्वनि पुढें येतो व पुढच्यास गिळून टाकतो. भोपळा फुटलेल्या तंबोऱ्यांतून खर्ज कसा यावा? दुकानदारानें जुना स्पीकर काढून त्याच जागीं नवा बसविला होता; दाराकडे पाहिलेंही नव्हतें.

पुढील रविवारीं दोघांनीं मिळून पुढचीं दारें उघडलीं. पत्रा पुसून त्यावर ब्युटिलच्या चादरी रूळ फिरवून चिकटविल्या. मोठ्या खिडक्यांवर आधीं अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लावला, कारण नुसती चादर तेथें कालांतरानें लोंबते. दाराच्या तळाचीं भोकें मात्र बुजवूं नयेत. काचेवरून आंत उतरलेलें पावसाचें पाणी तेथूनच निघतें. स्पीकरखालीं लाकडाऐवजीं प्लास्टिकचें कडें घातलें, म्हणजे पावसाळ्यांत फुगण्याची भीति नाहीं. काच पूर्ण खालीं घेऊन ती स्पीकरच्या चुंबकास लागत नाहीं ना, हेंही पाहावें. आम्ही हें विसरलों होतों व एक दार दोनदां उघडावें लागलें.

मग सबवूफरच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहिली. ज्या जोडणींत चालकाच्या जागीं डग्गा अधिक भरीव वाजला, ती ठेवली. उलट जोडणींत शिवेवर दोन ध्वनि परस्परांस खोडून काढतात, आणि तो खड्डा ईक्वलायझरनें भरत नाहीं. उजवें दार चालकास सुमारें अर्धा मीटर जवळ पडतें. ध्वनि एका मिलिसेकंदांत ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून त्या दारास दीड मिलिसेकंद उशीर दिला.

संध्याकाळीं बंधू येऊन पुढें बसले. विलंबित ख्याल निम्म्यावर येईपर्यंत ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "डग्गा पुढें आला खरा. पण ट्वीटर अजून टोंचतो रे."

पुतण्यानें तो दोन डेसिबलांनीं उतरविला व विचारलें, "आतां, बाबा?"