रात्रपाळीत एकटा माणूस

तूर बाजारात आली की कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या भागातल्या दाल मिल रात्रंदिवस चालतात. दिवसा तिथे हमाल, मापारी, ट्रकवाले अशी गर्दी असते. रात्री मात्र कित्येक लहान मिलमध्ये एकच माणूस उरतो. मशीनही तोच पाहतो, राखणही तोच करतो.

आमचे खालू असेच एका मिलमध्ये रात्रपाळीला होते. एका रात्री लाईट गेली. एलिव्हेटरमध्ये तूर अडकली होती. मशीन बंदच आहे, तेवढ्यात मोकळे करू, म्हणून त्यांनी आत हात घातला. शेतातल्या मोटारीला लावतात तसा ऑटो स्विच त्या मशीनलाही होता. लाईट आली, पट्टा आपोआप फिरला आणि हातासकट पुन्हा जाम झाला. मोबाईल खुंटीवरच्या सदऱ्यात. फजरच्या नमाजला निघालेल्या एका माणसाने त्यांची हाक ऐकली, तेव्हा चार तास उलटले होते. दोन बोटे गेली. घरी खालाजान निवांत झोपल्या होत्या. खालू सकाळी सातला येतात, हे ठाऊक असल्याने काळजीचे कारणच नव्हते.

इजा मशीनने केली. पण चार तास गेले ते विचारणारे कोणी नव्हते म्हणून.

१९४८च्या कारखाने अधिनियमात एक नियम होता. विषारी वायू असू शकेल अशा टाकीत किंवा खड्ड्यात उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोरी हवी आणि दोरीचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे. एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला हीच गोष्ट लागू आहे. त्याच्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असावे.

हे घरातूनही करता येते. दर दोन तासांनी फोन ठरवा. ठरलेल्या वेळी आला नाही तर आपण लावा. उचलला नाही तर तिथे कोण धावत जाईल, शेजारच्या मिलचा चौकीदार की जवळचा नातेवाईक, हे आधीच ठरवून त्याचा नंबर लिहून ठेवा. मोबाईल अंगावरच्या खिशात, चार्ज केलेला असू द्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ लक्षात ठेवा.

काही कामे एकट्याने करूच नयेत. धान्याच्या कोठीत उतरू नये. सरकते धान्य माणसाला आत ओढते. कीड मारण्याच्या गोळ्या ठेवलेल्या गोदामात जाऊ नये; हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा जीवघेणा वायू निघतो. अडकलेले मशीन सोडवायचे तर आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावा आणि स्वतःच्या खिशात ठेवावा. गळ्यात गमछा नको.

मालकाशीही बोला. मशीनवरचा ऑटो स्विच काढायला आणि पट्ट्यांना जाळी बसवायला फार खर्च येत नाही. काम करताना झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, ही तरतूद आपल्याकडे १९२३ पासून आहे. ती मागण्यात लाज कसली?

आज जेवताना घरातल्या कमावत्या माणसाला एवढे विचारा : रात्री कामावर काही झाले, तर पहिल्यांदा कोणाला कळेल?

खालूंचा मुलगा आता त्याच कामावर आहे. रात्री बारा, दोन आणि चार वाजता खालाजानचा फोन त्याच्या खिशात वाजतो.