घरची कारागिरी : छर्‍याच्या बंदुकीची निळाई

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील एखाद्या जुन्या मराठी घरात माळा आवरताना आजोबांच्या वेळची छर्‍याची बंदूक हाती लागावी, यात नवल नाही. लाकडी दस्त्यावर धुळीची पुटे, नळीवर तांबूस ठिपके आणि मधूनच डोकावणारी जुनी निळसर काळी झाक, असे तिचे रूप असते. घरातील तरुण मंडळींना पहिला विचार सुचतो तो ती बाजारात नेऊन बफाच्या चाकावर लखलखीत करून आणण्याचा. हा विचार थोडा पुढे ढकलावा, अशी आमची विनंती आहे.

कारण ती झाक म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे, की निकेलसारखा मुलामाही नव्हे. ते पोलादाच्या पृष्ठभागाचेच रूपांतर होय. लोखंड हवेत व ओलाव्यात राहिले की तांबडा गंज चढतो. तो भुसभुशीत असतो, ओल धरतो आणि खालचे लोखंड खात जातो. तेच लोखंड योग्य रीतीने तापवले किंवा क्षारांत उकळले, तर त्यावर काळ्या ऑक्साइडचा घट्ट, अतिशय पातळ थर धरतो. कारागीर त्याला ब्ल्यूइंग म्हणतात. हैदराबादकडील वाचकांना बिदरीची भांडी ठाऊक आहेतच. तेथे धातू निराळा, जस्त व तांब्याचा. पण बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांनी त्याला काळेपण आणतात, तेही असेच पृष्ठभागाचे काम. बिदरीची सुरई कोणी कानशीने घासत नाही. बंदुकीलाही तोच न्याय असावा.

बफाच्या चाकाने निळाईबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि ती परत येत नाही. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. बंदुकांवर एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफलींचा छाप असतो. जर्मनीतील डायना बंदुकांवर धनुष्यबाण टाकून हाती बंदूक उंचावलेली वनदेवता. हे छाप, क्रमांक व कारखान्याचे नाव पत्र्यात जेमतेम खोदलेले असतात. बंदूक कोणत्या काळातली, हे त्यांवरूनच कळते. चाकाखाली ते पुसट होतात, कडा गोलावतात, आणि हाती उरते ती चकचकीत पण निनावी नळी.

आता कामाकडे वळू. आधी बंदुकीत छर्रा नाही आणि ती ओढून ठेवलेली नाही, याची दोनदा खात्री करावी. दस्त्याचे स्क्रू बरोबर बसणार्‍या पेचकसानेच काढावेत. सैल पेचकसाने स्क्रूच्या खाचा बिघडतात. दस्ता वेगळा झाला की थांबावे. आतील स्प्रिंग बंदूक ओढलेली नसतानाही दाबलेलीच असते. ती उसळली तर डोळा जायचा. तिला हात घालणे हे जाणत्या कारागिराचे काम.

साफसफाईसाठी जुन्या बनियनच्या चिंध्या, दात घासण्याचा जुना ब्रश आणि पातळ मशीन ऑइल पुरे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांना मात्र या कामात मुळीच स्थान नाही. तांब्याची भांडी ज्या आंबटाने उजळतात, ते निळाई काही मिनिटांत उतरवते. हे आम्ही मुद्दाम बजावून सांगतो, कारण स्वयंपाकघरातील अनुभव येथे नेमका उलटा ठरतो.

गंजाच्या जागी तेल लावून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी जाड खवले काढायला एक नामी हत्यार आहे : जुना भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ च्या काळातील हा ब्राँझचा पैसा पोलादापेक्षा मऊ असल्याने त्याच्या कडेने खरवडले तर गंज निघतो, पोलादावर ओरखडा उठत नाही. उरलेल्या तांबूस छटेसाठी '००००' क्रमांकाची अगदी बारीक पोलादी लोकर तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवावी. भांडी घासायची तारेची घासणी नको. आधी दस्त्याखाली झाकल्या जाणार्‍या भागावर करून पाहावे.

निघणारे लहान भाग, म्हणजे स्क्रू व घोड्याभोवतीची कडी, यांवर गंज असेल तर एक सुंदर उपाय आहे. ते तेलमुक्त करून डिस्टिल्ड किंवा पावसाच्या पाण्यात अर्धा तास उकळावे. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा पडतो. वरची काळी भुकटी लोकरीने पुसून भाग गरम असतानाच तेल लावावे. नळाचे पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात. मुख्य नळकांड्याला मात्र हे पाणी दाखवू नये. आत चामड्याचा वॉशर असतो.

जेथे निळाई पूर्ण गेली आहे, तेथे बाजारातील 'कोल्ड ब्ल्यू'चे द्रावण वापरता येते. त्यात बहुधा सेलेनियमचे विषारी संयुग असते. तेव्हा रबरी हातमोजे, मोकळी हवा आणि मुलांपासून दूर ठेवलेली बाटली. जागा तेलमुक्त करावी, किंचित कोमट करावी, कापसाने द्रावण फिरवावे, धुवावे, कोरडे करून तेल लावावे. दोन-तीन हात लागतात. ठिपके झाकायला हे चांगले. सगळी बंदूक यानेच रंगवली तर ती ढगाळ दिसते आणि वापरात रंग झिजतो. कारखान्यातील पद्धत, कॉस्टिक व नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या उकळत्या द्रावणाची, घरच्या शेगडीवर कोणी करू धजू नये.

शेवटी तेलाविषयी. बाहेरून पातळ तेलाचा हात पुरे. खोबरेल चिकट होते. नळकांड्याच्या आत मात्र खनिज तेलाचा थेंबही जाऊ देऊ नये. दट्ट्या आदळताना हवा एकाएकी इतकी तापते की ते तेल पेटते, मोठा आवाज होतो आणि स्प्रिंग व वॉशर खराब होतात. बंदूक चामड्याच्या पिशवीत कायमची कोंडू नये, चामडे ओल धरते. सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावी आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्यास काढून तेलाच्या चिंधीने पुसावी. घामट बोटांचे ठसे आधी.